तिकीट बडनेऱ्याचे, उतरायचे शेगावला

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की आरक्षण केंद्रातल्या रांगेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: ‘मुंबईहून बडनेऱ्याचं एकच तिकीट काढलं आणि वाटेत शेगावला उतरून दर्शन घेतलं, तर पुढे तेच तिकीट चालेल का?’ रांगेतला एक जण ठामपणे ‘चालतं’ म्हणतो, दुसरा तितक्याच ठामपणे ‘छे, उतरलात की तिकीट संपलं’. दोघेही अर्धे बरोबर असतात. भारतीय रेल्वेत ‘ब्रेक जर्नी’ची, म्हणजे वाटेत उतरून त्याच तिकिटावर पुढे जाण्याची, सोय फार जुनी आहे आणि आजही नियमात आहे. पण तिला अंतराच्या, दिवसांच्या आणि शेऱ्याच्या अटी आहेत. त्या माहीत नसल्यामुळे काही जण हक्काची सवलत सोडून देतात, तर काही जण पुढच्या गाडीत दंड भरतात. म्हणून हे जरा सविस्तर पत्र.

पहिली अट अंतराची. एकेरी तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचे असेल तरच वाटेत थांबता येते, आणि पहिला थांबा सुरुवातीच्या स्थानकापासून ५०० किलोमीटर प्रवास झाल्यावरच घेता येतो. घोटाळा होतो तो या दुसऱ्या भागात. तिकीट आठशे किलोमीटरचे आहे म्हणून दोनशेव्या किलोमीटरवर उतरता येईल, असे लोक धरून चालतात. तसे नाही. १००० किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर एकदा आणि त्याहून लांबच्या तिकिटावर जास्तीत जास्त दोनदा थांबता येते. परतीचे तिकीट एकत्र काढले असेल तर जाण्याचा भाग वेगळा आणि येण्याचा वेगळा धरतात, दोन्हींची बेरीज करून ५०० ओलांडता येत नाहीत.

आता हे आपल्या ओळखीच्या मार्गावर लावून पाहू. मुंबई सीएसएमटी ते नागपूर ८३७ किलोमीटर. या तिकिटावर नाशिक रोड (१८८), मनमाड (२६१), जळगाव (४२०) यांपैकी कुठेही थांबता येत नाही. भुसावळही साडेचारशेच्या आत राहते. शेगाव साडेपाचशेच्या आसपास आहे, ते बसते. अकोला (५८४), बडनेरा (६६३) आणि वर्धा (७५८) हीसुद्धा बसतात. पण गाडी उलटी धरली की गणित फिरते. नागपूरहून मुंबईला निघालेल्या माणसाला शेगाव तीनशेच्या आतच लागते, त्यामुळे त्याला तिथे ब्रेक जर्नी नाही. जळगावही त्याला ४१७ वरच भेटते. त्याला मनमाड आणि नाशिक रोड मिळतात, म्हणजे तो त्र्यंबकेश्वर करून मुंबईला जाऊ शकतो, पण गजानन महाराजांचे दर्शन त्याच तिकिटात उरकू शकत नाही. पुणे–नागपूर दौंड-मनमाडमार्गे असेच होते. पुण्याहून जाताना शिर्डीसाठी कोपरगावला उतरायचे म्हटले तर ते पावणेतीनशेच्या आसपास, म्हणून नाही. नागपूरहून पुण्याला येताना मात्र कोपरगाव सहाशेच्या पुढे येते, म्हणून चालते. मार्ग एक, स्थानक एक, तिकिटाची किंमत तीच, आणि उत्तर मात्र कुठून निघालात यावर. खिडकीवरचा कर्मचारी ‘नाही’ म्हणाला तर तो अडवणूक करतो आहे असे समजण्याआधी हे अंतर मोजून पाहावे.

उत्तरेकडच्या लांब प्रवासात ही सोय खरी फुलते. मुंबई–दिल्ली हे अंतर हजाराच्या पुढे असल्याने दोन थांबे मिळतात. भुसावळ-इटारसीमार्गे गेल्यास खंडवा पाचशेच्या पुढे येते. तिथे उतरून रस्त्याने ओंकारेश्वर करावे आणि दुसरा थांबा भोपाळ, झाशी किंवा आग्र्याला घ्यावा. पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रलहून गेल्यास सुरत आणि वडोदरा पाचशेच्या आत राहतात, रतलाम, कोटा, मथुरा बसतात. थांबा तिकिटाच्या मार्गावरच हवा. स्थानकाबाहेर पडून तुम्ही कुठे जाता याच्याशी रेल्वेला कर्तव्य नाही, पण पुढचा प्रवास जिथे उतरलात तिथूनच धरायचा.

कोकण रेल्वेबद्दल एक इशारा. तिथे भाडे आकारताना अंतर वाढवून धरलेले असते, त्यामुळे भाड्याचे किलोमीटर प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त दिसतात. ब्रेक जर्नीचा नियम मात्र प्रत्यक्ष अंतराचा आहे. तिकिटावरचा आकडा पाहून ‘पाचशे झाले’ असे मानू नये. मुंबईहून मडगावच्या तिकिटावर रत्नागिरीत थांबणे कोणत्याही हिशेबाने बसत नाही.

दिवस मोजण्याची पद्धतही नीट समजून घ्यावी. थांब्याची मुदत दोन दिवस आहे, त्यात उतरण्याचा आणि पुन्हा निघण्याचा दिवस धरत नाहीत. समजा ५ तारखेला सकाळी शेगावला उतरलात. ५ मोजायची नाही, ६ आणि ७ हे तुमचे दोन दिवस, आणि ८ तारखेला निघायचे. म्हणजे व्यवहारात तीन रात्री मिळतात. रात्री साडेअकराला पोहोचणाऱ्या गाडीने उतरलात तर तो अर्धा तास म्हणजेच उतरण्याचा पूर्ण दिवस. गाडी उशिरा येऊन साडेबाराला पोहोचली तर तारीख बदलते. म्हणून शेऱ्यात तारीख कोणती पडते ते तिथल्या तिथे पाहावे.

जंक्शनवर गाडी बदलण्यासाठी थांबणे म्हणजे ब्रेक जर्नी नव्हे. पुढची जोडगाडी पकडण्यासाठी २४ तासांपर्यंत थांबलात तर तो थांबा मोजला जात नाही आणि त्याला ५०० किलोमीटरची अटही नाही. भुसावळला उतरून आठ तासांनी दुसरी गाडी धरणारा प्रवासी सलग तिकिटावर निर्धास्त असतो. पण त्या आठ तासांत जळगावला लग्न उरकून येऊ आणि भुसावळऐवजी जळगावहूनच पुढची गाडी धरू, हे चालत नाही.

आता शेऱ्याकडे येतो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. उतरल्यावर तिकीट स्टेशन मास्तर किंवा तिकीट तपासनीस यांना दाखवून त्यावर ब्रेक जर्नीचा शेरा घ्यावा लागतो. शेऱ्यात स्थानकाचे सांकेतिक नाव (शेगावसाठी ‘एसईजी’), तारीख आणि आद्याक्षरी किंवा सही हवी. शेरा नसलेले तिकीट पुढच्या गाडीत वैध मानले जात नाही. तपासनीसाच्या दृष्टीने तुम्ही योग्य तिकिटाशिवाय प्रवास करत असता, आणि मग भाडे भरावे लागते, शिवाय तेवढीच जादा रक्कम किंवा २५० रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तीही. ‘मी कालच उतरलो, विचारा शेगावला’ या वाक्याला धावत्या गाडीत काही किंमत नसते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी शेरा, मग फाटक. गर्दीबरोबर बाहेर पडताना तिकीट टीसीच्या हातात दिले आणि प्रवास संपला असे समजून त्याने ते ठेवून घेतले, तर ते परत मिळवणे कठीण. फाटकावर तिकीट देण्याआधीच ‘ब्रेक जर्नी आहे, पुढे बडनेऱ्यापर्यंत जायचं आहे’ असे स्पष्ट सांगावे. फाटकावर टीसी नसेल तर ‘निघताना घेऊ’ म्हणून पुढे ढकलू नये, थेट स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात जावे. तीन दिवसांनी मागितलेल्या शेऱ्यावर कोणती तारीख घालायची, हा प्रश्न कोणत्याही सरळ कर्मचाऱ्याला पडणारच. एका तिकिटावर चार माणसे असतील तर चौघांनी एकत्र उतरायचे आणि एकत्रच निघायचे. कागद एकच असल्याने दोघे शेगावला आणि दोघे पुढे, असे करता येत नाही. तसे करायचे असेल तर मुळातच तिकिटे वेगळी काढावीत.

दुसरा मोठा गैरसमज बर्थचा. ब्रेक जर्नी तुमचे भाडे जपते, जागा जपत नाही. मुंबई–नागपूर थेट आरक्षण आहे आणि मनात आले म्हणून शेगावला उतरलात, तर त्या गाडीतला तुमचा बर्थ पुढे आरएसीच्या (फक्त बसायला जागा मिळालेल्या) किंवा प्रतीक्षायादीतल्या प्रवाशाला जातो, आणि तसा तो जायलाच हवा. तीन दिवसांनी त्याच क्रमांकाची गाडी आली तरी त्यात तुमचे काही नसते. पुढच्या टप्प्यासाठी नवे आरक्षण लागते. त्याचे मूळ भाडे पुन्हा द्यावे लागत नाही, पण आरक्षण शुल्क प्रत्येक गाडीसाठी वेगळे पडते: स्लीपरला २० रुपये, थर्ड एसीला ४०, सेकंड एसीला ५०, फर्स्ट एसीला ६०. मूळ तिकीट साध्या मेल-एक्सप्रेसचे असेल आणि पुढची गाडी सुपरफास्ट निघाली, तर सुपरफास्टचा अधिभार भरावा लागतो. स्लीपरसाठी तो ३० रुपये आणि थर्ड व सेकंड एसीसाठी ४५ रुपये आहे. पुढच्या गाडीत जागा मिळालीच नाही तर शेरा असलेल्या तिकिटावर जनरल डब्यातून जाता येते, एवढाच आधार उरतो.

म्हणून बेत आधीच ठरलेला असेल तर खिडकीवर आरक्षणाचा फॉर्म भरतानाच सांगावे: मुंबई ते शेगाव अमुक गाडी अमुक तारीख, शेगाव ते बडनेरा अमुक गाडी अमुक तारीख, तिकीट सलग, शेगावला ब्रेक जर्नी. दोन टप्प्यांसाठी दोन फॉर्म भरून एकत्र द्यावेत आणि गाडी क्रमांक स्वतः शोधून लिहावेत. रांग मागे उभी असताना कर्मचारी तुमच्यासाठी गाड्या शोधत बसणार नाही. सकाळी आठच्या गर्दीऐवजी दुपारी गेल्यास असले वेगळे काम शांतपणे होते.

इथे एक व्यावहारिक अडचण आहे, ती कोणत्याच माहितीपत्रकात नसते. १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षणाची मुदत ६० दिवसांवर आली. पहिला टप्पा ५ तारखेचा आणि पुढचा ८ तारखेचा असेल, तर ५ तारखेचे आरक्षण ज्या दिवशी खुले होते त्या दिवशी ८ तारखेचे खुले झालेलेच नसते. दोन्ही एकदम करायचे म्हणून तीन दिवस थांबावे तर मे महिन्यात तोवर पहिल्या टप्प्याला प्रतीक्षायादी लागलेली असते. अशा वेळी सलग अंतराचे तिकीट पहिल्या टप्प्याच्या आरक्षणासह आधी घ्यावे आणि पुढचा टप्पा खुला झाला की तेच तिकीट घेऊन खिडकीवर जावे. दोन खेपा पडतात, पण दुसरा उपाय नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. भाड्याची रचना पाहिली की उत्तर मिळते. रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे दर किलोमीटरला उतरत जाते, त्यामुळे सलग लांब तिकीट दोन तुकड्यांपेक्षा स्वस्त पडते. पण खरा फरक करते ते किमान अंतर. स्लीपरला कितीही जवळ जा, भाडे किमान २०० किलोमीटरचे, आणि थर्ड एसीला किमान ३०० किलोमीटरचे लागते. शेगाव ते बडनेरा हे अंतर जेमतेम सव्वाशेच्या आत. वेगळे थर्ड एसी तिकीट काढले तर त्या छोट्या टप्प्याला ३०० किलोमीटरचे पैसे मोजावे लागतात. म्हणजे मुंबई–शेगाव आणि शेगाव–बडनेरा मिळून सुमारे साडेआठशे किलोमीटरचे भाडे भरून प्रवास होतो ६६३ किलोमीटरचा. सलग तिकिटात हे टळते. उलट मुंबई–दिल्ली प्रवासात भोपाळला थांबलात तर दोन्ही तुकडे सातशे-आठशेचे, त्यात किमान अंतराचा प्रश्नच येत नाही आणि बचत त्या मानाने कमी होते. तिथे दोन वेगळी तिकिटे काढून निवांत राहणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. शेवटचा टप्पा जितका छोटा, तितकी ब्रेक जर्नी फायद्याची, असा ढोबळ हिशेब धरावा.

राजधानी, शताब्दी, जनशताब्दी यांसारख्या गाड्यांत ही सोय नाही, उपनगरी लोकलच्या तिकिटांवर आणि पासांवरही नाही. तिथे आग्रह धरून उपयोग नाही.

आणखी दोन सोयी ब्रेक जर्नीत मिसळल्या जातात. एक म्हणजे चढण्याचे स्थानक बदलणे. तिकीट मुंबईचे आहे, पण मी नाशिक रोडला चढेन, असे मुदतीत कळवता येते. त्यात न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळत नाहीत आणि बदल केल्यावर मूळ स्थानकावरून चढण्याचा हक्कही जातो. मध्ये उतरण्याशी याचा संबंध नाही. दुसरी म्हणजे एप्रिल २०१९पासून सुरू झालेली दोन पीएनआर जोडण्याची सोय. पहिली गाडी उशिरा पोहोचल्याने दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे रद्द करण्याचे शुल्क न कापता परत मिळतात. त्यासाठी दोन्ही तिकिटांवरची नावे तीच हवीत, पहिल्याचे उतरण्याचे आणि दुसऱ्याचे चढण्याचे स्थानक तेच किंवा रेल्वेने एकत्र धरलेल्या स्थानकांपैकी हवे, आणि पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांत खिडकीवर तिकीट परत करायला किंवा ऑनलाइन टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरायला हवा. भाडे मात्र दोन तिकिटांचे वेगवेगळेच लागते. ही चुकलेल्या गाडीची भरपाई आहे, सलग तिकीट नव्हे.

ज्यांना दोनहून अधिक ठिकाणी थांबायचे आहे त्यांच्यासाठी वर्तुळ प्रवासाचे तिकीट आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. जिथून निघालो तिथेच परत यायचे, पण गेलेल्या मार्गाने उलटे यायचे नाही. वाटेत आठपर्यंत थांबे घेता येतात. भाडे दोन एकेरी प्रवासांचे धरतात, प्रत्येकी एकूण अंतराच्या निम्मे, त्यामुळे लांब अंतराच्या उतरत्या दराचा पूर्ण लाभ मिळतो. मुदत अशी मोजतात: प्रवासासाठी दर ४०० किलोमीटरला एक दिवस आणि थांब्यांसाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस. ४००० किलोमीटरची फेरी असेल तर १० अधिक २०, म्हणजे ३० दिवस. नकाशावर मार्ग आखून, थांब्यांची यादी करून विभागीय वाणिज्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा मोठ्या स्थानकावर अर्ज द्यायचा. भाडे ठरले की स्थानकावरून तिकीट घ्यायचे आणि ते दाखवून प्रत्येक टप्प्याचे आरक्षण करायचे. ऐन सुट्टीत सगळ्या टप्प्यांची आरक्षणे जुळवणे हे डोकेदुखीचे काम आहे. निवृत्त मंडळींनी जुलै-ऑगस्टमध्ये किंवा दिवाळीनंतर केले तर जमते.

थांब्यावर सामान घेऊन हिंडायचे नसेल तर क्लोकरूममध्ये ठेवता येते. त्यासाठी वैध तिकीट दाखवावे लागते आणि प्रत्येक बॅगेला कुलूप हवे, नाहीतर घेत नाहीत. चेन ओढून बंद केलेली सॅक तिथून परत येते, म्हणून छोटे कुलूप जवळ ठेवावे. रिटायरिंग रूमचे ऑनलाइन आरक्षण पीएनआरवरच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्थानकासाठी होते, मधल्या थांब्यासाठी त्याच पीएनआरवर ते मिळेल असे धरू नये.

शेवटी रेल्वे प्रशासनाकडे एक मागणी, आणि खरे तर त्यासाठीच हे पत्र. वर लिहिलेले सगळे कागदी तिकिटाला लागू पडते. आज आरक्षित तिकिटांचा मोठा वाटा ऑनलाइन निघतो. तिथे एक तिकीट म्हणजे एक गाडी, एक चढण्याचे आणि एक उतरण्याचे स्थानक. प्रवासात दाखवायचा असतो तो मोबाइलवरचा संदेश आणि ओळखपत्र. त्या संदेशावर स्टेशन मास्तरांनी शेरा मारायचा कुठे? छापील प्रत घेतली तरी ती पुन्हा हवी तितक्या वेळा छापता येते, तेव्हा तिच्यावरच्या सहीला पुढचा तपासनीस किती मानणार? मोबाइलवर काढलेल्या अनारक्षित तिकिटाचेही तेच. त्यामुळे आज ब्रेक जर्नी करायची असेल तर माझा सल्ला एकच, तिकीट खिडकीवरचे कागदी घ्यावे, मग ते स्लीपरचे असो की जनरलचे. म्हणजे जो प्रवासी रांग टाळतो तोच या सवलतीतून आपोआप बाहेर पडतो. नियम त्याला वगळत नाही, शेऱ्याची पद्धत वगळते.

उपाय अवघड नाही. गाडीतल्या तपासनीसांकडे आता हातातली यंत्रे आहेत, कोण चढले आणि कोण आले नाही हे ते त्यावर नोंदवतात. त्याच यंत्रावर किंवा स्थानकावरच्या संगणकावर पीएनआरसमोर ‘ब्रेक जर्नी, स्थानक, तारीख’ अशी नोंद करता आली की शेरा आपोआप पुढच्या गाडीतल्या तपासनीसाला दिसेल. आरक्षणाच्या संकेतस्थळावर सलग तिकीट आणि मधला थांबा असा पर्याय द्यावा आणि पाचशेच्या आतले स्थानक निवडले तर ते तिथेच नाकारावे. म्हणजे रांगेतला वाद फलाटापर्यंत येणारच नाही. तोवर निदान शेगाव, नाशिक रोड, कोपरगाव अशा स्थानकांवर, जिथे बाहेरगावचे लोक मुद्दाम उतरतात, फाटकाजवळ ‘ब्रेक जर्नीचा शेरा येथे मिळेल’ अशी मराठी पाटी लावावी आणि खाली तो कोणत्या खोलीत मिळतो ते लिहावे.

आपला,
एक वाचक